ओकवरचं मचाण

पट्टा पाच सेंटिमीटर रुंद होता. खारीने एका कडेने कुरतडून निम्म्याहून कमी ठेवला होता, आणि उरलेला उन्हाने इतका विटला होता की अंगठा फिरवताच धाग्यांची भुकटी झाली.

माझा दीर ऑरिन तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकून कॉफी पीत होता. माझ्या नवऱ्याचं, व्हर्लिनचं, मचाण याच पट्ट्याने ओकच्या झाडाला बांधलेलं होतं. हरणांची शिकार उद्यापासून सुरू होणार होती.

"आज नवा बांधलाय," ऑरिन म्हणाला. "वर्षभर झाडावर राहिलं की असं होतंच."

"मग मचाणच उतरवत का नाहीस?"

"वहिनी, व्हर्लिन विचारतो ना, मचाण जागेवर आहे का म्हणून."

तीन वर्षांपूर्वी व्हर्लिन तिथूनच पडला. अंगावर, कमरेला-खांद्याला, सुरक्षेचे पट्टे होते, पण ते वर पोचल्यावर झाडाला अडकवायचे, अशी आमच्याकडे सगळ्यांचीच सवय. शेवटची पायरी आणि मचाण यांच्यामध्ये त्याला धरायला काहीच नव्हतं. चढताना जमिनीपासूनच अंगावरच्या पट्ट्यांना अडकवायचा, सोबत वर सरकत येणारा दोर मी आणला होता. तो अजून गॅरेजमध्ये आहे, पाकीटही न फोडलेला.

कमरेखाली हालचाल, स्पर्श काही परत येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात आम्हा दोघांना सांगितलं. व्हर्लिन तेव्हापासून "पुढच्या वर्षी" म्हणतो. मीही म्हणायला शिकले.

"ऑरिन," बाहेरच्या खोलीतून तो ओरडला, "माझी जागा गरम करून ठेव रे. पुढच्या वर्षी गार नको."

"आधी बूड बारीक कर. मचाण तुटेल."

दोघे हसले. ऑरिनने कप डाव्या हातात धरला होता. उजवा तळवा सोललेला होता, झाडाच्या सालीचे कण अजून आत होते.

"पट्टा बदलताना दोर लावला होतास?"

"दोन मिनिटांचं काम, वहिनी." तो कपात बघत राहिला. "जुना हातातच तुटला. फांदी हाताला लागली म्हणून वाचलो."

मी पट्टा उचलला, बाहेरच्या खोलीत गेले आणि व्हर्लिनच्या गुडघ्यांवर ठेवला. त्याला कळलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

"व्हर्लिन," मी म्हणाले, "तू आता त्या झाडावर चढणार नाहीस. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. ऑरिन, गॅरेजमधला दोर घे, जमिनीपासून अडकव, आणि ते मचाण उतरव."