बुंध्यापाशी

वणवा विझला होता, पण नुकसान मोजणाऱ्यांच्या जीपमधून राखेचा वास काही जात नव्हता. या वेळी कार्यालयाने मनावर घेतलं होतं. नुसती जळकी घरं मोजून हात झटकायचे नाहीत. वणव्याने माणसाचं जे जे नेलं ते सगळं धरायचं. बंद पडलेली दुकानं, धुराने धरलेल्या छात्या, दवाखान्याच्या चकरा, आणि फळझाड मेलं असेल तर नवं झाड फळाला येईपर्यंतची सगळी वर्षं. मोजणीदाराला या कामाचा अभिमान होता आणि तो त्याने चारचौघांत भरपूर मिरवलाही होता.

वणव्यातून वाचलेलं झाड मोठं फसवं असतं. वर पानं हिरवी आणि खाली बुंध्याशी साल भाजून निघालेली. आपण मेलो हे त्या बापड्याला पुढच्या हंगामापर्यंत कळत नाही. म्हणून गुडघे टेकून अगदी मातीलगत चाकूने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. त्या सकाळी एका बागेत मोजणीदाराने प्रत्येक अक्रोडाशी असे गुडघे टेकले. मालकाला खोकला कधीपासून आहे, तेही विचारलं. कुंपणापलीकडून एक बाई हे सगळं बघत उभी होती. ती त्याची सख्खी थोरली बहीण होती, आणि पुढची बाग तिची होती.

नात्यातल्या माणसाचं नुकसान आपण मोजायचं नाही, आधी सांगून बाजूला व्हायचं, असा नियम होता. एक वाक्य पुरलं असतं. पण गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने मेव्हण्याच्या गोठ्याचा कागदोपत्री बंगला करून दाखवला आणि नोकरी घालवून बसला. तेव्हापासून ह्याने नात्याचीच धास्ती घेतली होती. वणवा लागला तेव्हा ताईला साधा फोनसुद्धा केला नाही. मोजणी झाली की करू, उगाच कुणाला बोलायला जागा नको, अशी स्वतःची समजूत घालत राहिला. बायकोने हटकलं तर तिच्यावरच खेकसला. भित्रा माणूस घरात फार शूर असतो.

ताईने फाटक उघडलं. त्याच्याकडे बघून तिचा चेहरा उजळला, ओठ हललेही. मग तिला त्याच्या मागे उभ्या असलेल्या, कार्यालयातून सोबत आलेल्या वरिष्ठ मॅडम दिसल्या, त्याची खाली गेलेली मान दिसली, आणि ती काय समजायचं ते समजली.

"या साहेब," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको."

तिला खोकल्याची उबळ आली. त्याने काही विचारलं नाही. पहिल्या अक्रोडापाशी त्याने चाकू काढला. सगळी झाडं मेलेली निघाली तर भरपाई मोठी होणार, मोठ्या भरपाईची चौकशी होणार, चौकशीत नातं निघणार. तो वाकलाच नाही. उभ्याउभ्या छातीच्या उंचीवर साल खरवडली. हिरवी.

"जिवंत," तो म्हणाला. पुढचंही जिवंत, त्याच्या पुढचंही.

ताईचं लक्ष त्याच्या पँटच्या गुडघ्यांकडे होतं. तिथे शेजारच्या बागेची राख लागलेली होती.

"साहेब, खाली नाही का बघत?"

"वर हिरवं आहे ना? मग झालं!"

ती पुढच्या झाडाकडे चालू लागली. त्याचं कॉलेज याच झाडांवर झालं होतं, आणि त्याला शहरात पाठवताना अक्रोडांची पोती तिनेच पाठीवर वाहिली होती.

जीप सुटली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. थोडं पुढे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "नाक अगदी तुमचंच आहे हो."

"कुणाचं?"

"त्या बाईंचं. बहीण ना तुमची?"

तो गुडघ्यांवरची राख झटकू लागला.

"आता सांगाल, मग सांगाल म्हणून शेवटच्या झाडापर्यंत वाट बघितली मी," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं असतंत तर मीच बसले असते की खाली. त्यात लाजण्यासारखं काय होतं? लाजण्यासारखं तुम्ही नंतर केलंत."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी चाकू मागून घेतला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

या खेपेला त्याला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. तो फाटकाबाहेर उभा राहिला. मॅडमनी पहिल्या झाडाशी गुडघे टेकले, साल खरवडली. "गेलं," त्यांचा आवाज आला. मग पुढच्या झाडापाशी, "हेही गेलं." ताई त्यांच्या मागून चालत होती. मधेच ती घरात गेली आणि पेला घेऊन फाटकाशी आली. मॅडम बागेच्या पार टोकाला होत्या, ड्रायव्हर जीपमध्ये डुलक्या घेत होता. ऐकायला जवळपास कुणी नव्हतं.

"ताई," तो म्हणाला. "चुकलं गं माझं."

तिने पेला पुढे केला.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "धुराने घसा कोरडा पडतो."