शर्यतीआधीचे सत्कार

पौर्णिमा पाचवीत होती तेव्हापासून पळायच्या शर्यतीची वाट बघत होती. आता ती दहावीत आली आणि शर्यत काही अजून झाली नव्हती. क्रीडा महोत्सव होत नव्हता असं नाही. दरवर्षी व्हायचा, मंडप-बिंडप घालून थाटात व्हायचा. पण शर्यतीच्या आधी पाहुण्यांचे सत्कार असायचे, आणि घाटनांदूरजवळच्या त्या पिंपळवस्तीत एकदा सत्कार सुरू झाले की उन्हं कलल्याशिवाय आवरायचे नाहीत. एकाला शाल घातली की दुसरा रुसायचा, दुसऱ्याला घातली की तिसऱ्याचा भाचा मंडपामागं जाऊन कुणाला तरी फोन लावायचा. मग संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून पोरांना सोडून द्यायचं आणि बक्षिसं दुसऱ्या दिवशी हजेरीपट बघून वाटायची. गेल्या साली पळण्यात पहिली आलेली पोरगी महोत्सवाच्या दिवशी मामाच्या लग्नाला गेलती.

पौर्णिमाला बक्षिसाचं काही पडलं नव्हतं. तिला फक्त एवढंच ठरवून घ्यायचं होतं की ती जास्त जोरात पळते का आरोही.

आरोही म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांची नात. दोघींचं सगळ्यात पटायचं, या एका गोष्टीत नाही. "लई शानी हायस ना, मैदानात ये मग दावते," असं पाचवीपासून एकमेकींना म्हणून झालं होतं. पण मैदानात खेळायला बंदी. का, तर महोत्सवासाठी ते सपाट ठेवायचं होतं. आणि आता परीक्षा झाली की आरोही लातूरला क्लासला जाणार होती. मग कुठली शर्यत आन् कुठलं काय! जे काय व्हायचं ते आजच.

महिनाभर सरावही झाला होता. बसायचा. खेळाचे बंकट सर शिट्टी मारायचे आणि पोरं रांगेत मांडी घालून बसायची. दुसऱ्या शिट्टीला टाळ्या, तिसऱ्या शिट्टीला टाळ्या बंद. "रांग मोडली तर याद राखा," सर म्हणायचे, "पाव्हण्यांसमोर शिस्त दिसाया पायजे." बिचारा माणूस एके काळी कबड्डी खेळायचा म्हणे. आता त्याच्या हातात कायम नारळाची पिशवी असायची.

तर महोत्सवाच्या त्या दिवशी सकाळी अर्जुनराव आले. त्यांना फेटा बांधला, शाल घातली. मग ज्यानं फेटा बांधला त्याला शाल घातली. मग माइकवाल्याला. तेवढ्यात एक पाहुणा असा आला की त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. देण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून बंकट सरांनी शर्यतीचा पहिल्या नंबरचा कप उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो छातीशी धरून फोटो काढला आणि लगेच निघून गेला, त्याला दुसऱ्या गावचा कार्यक्रम होता.

"कप गेला की गं!" पौर्णिमा कुजबुजली.

"जाऊ दे," आरोही म्हणाली, "फीत तर हाय ना अजून."

फीत म्हणजे शर्यत जिथं संपते तिथं दोन बांबूंना बांधलेली लाल रिबीन. दोघींचा जीव तिच्यात अडकला होता. पण आरोही बोलते न बोलते तोच अर्जुनराव उठले, कुणीतरी ताटात कात्री धरली, आणि आबांनी फीत कापली! टाळ्यांचा कडकडाट झाला. शर्यतीच्या शेवटाचं उद्घाटन झालं म्हणून माइकवरून जाहीर झालं. कापलेली रिबीन एकाने गुंडाळून खिशात घातली आणि बांबू मंडपाला कमी पडत होते म्हणून तिकडं नेले.

मग भाषणं. एकजात सगळी एकाच विषयावर. पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसतात, मैदानावर येत नाहीत, अंगात रक्त नाही, दम नाही. हे चालू असताना आठवीतलं एक पोरगं पायाला मुंग्या आल्या म्हणून उभं राहिलं, तर बंकट सर धावत आले. "खाली बस बे! मैदान हाय हे, हुंदडायची जागा हाय का?" एक मुलगी ऊन लागून आडवी झाली. तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि तिनं एवढा वेळ बसून दाखवलं म्हणून तिचाही सत्कार केला.

सूर्य डोक्यावरून सरकला, एसटीची वेळ जवळ येत चालली, आणि ज्यांनी झेंडा दाखवायचा ते दुसऱ्या गटाचे पुढारी विजयसिंह आत्ता कुठं गाडीतून उतरत होते. त्यांना फेटा. त्यांचा फेटा आबांच्या फेट्यापेक्षा बारका दिसला म्हणून सोडून परत बांधला. मग एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात हिरवा झेंडा घेऊन विजयसिंह बोलायला उभे राहिले.

"तरुण मित्रांनो, देश तुमच्याकडं बघतोय!" ते ओरडले. "कुणाची वाट बघू नका! थांबू नका! उठा आन् पळा!" आणि बोलण्याच्या भरात त्यांनी झेंडा जोरात हलवला.

पौर्णिमानं आरोहीकडं बघितलं. आरोहीनं पौर्णिमाकडं. आणि दोघी उठून सुटल्या!

अहो, एकच गोंधळ उडाला. बंकट सरांनी शिट्टी मारली, तर सवयीनं सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. दोघी मंडपाच्या कडेनं गेल्या, मैदान संपलं, पण थांबायचं कुठं? फीत तर कापून टाकलेली. म्हणून फाटकातून बाहेर पडल्या आणि पाण्याच्या टाकीकडच्या रस्त्याला लागल्या. इकडं माइकवाला ओरडतोय, "विजेत्यांना धरा! सत्कार राहिलाय!" विजेत्यांचा सत्कार आपल्याच हातून व्हावा म्हणून विजयसिंह शाल घेऊन पळाले आणि फाटकापर्यंत जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. पण अर्जुनरावांनी धोतर खोचलं आणि ते निघाले.

दोघी टाकीशी पोचल्याच नाहीत. अलीकडंच आरोहीच्या बरगडीत कळ आली, ती मटकन खाली बसली. पौर्णिमा थोडी पुढं गेली, पण तिचे पाय असे लटपटायला लागले की तिलाही वाटेतच बसावं लागलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. एवढी वर्षं ती मनातल्या मनात वाऱ्यासारखी पळत होती, आणि खरं पळायची वेळ आली तर हे असं. तिला स्वतःची लाज वाटली. ती हमसून हमसून रडायला लागली.

"मला येतच न्हाई गं पळता," आरोही म्हणाली. तीही रडत होती.

एवढ्यात आबा आले. सत्तरी उलटलेला माणूस, पण धाप लागली नव्हती. त्यांनी दोघींना एकाच शालीत गुंडाळलं आणि विचारलं, "कोन पयलं आलं?"

"तुमी," पौर्णिमा म्हणाली.

आबा खूश झाले. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"आबा, तुमाला कसं काय येतं इतकं पळता?" आरोहीनं डोळे पुसत विचारलं.

आबांनी जरा विचार केला. "आमच्या टायमाला शाळेत पाव्हणे येत नव्हते, बाय," ते म्हणाले. असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. पण तेवढ्यात माइकवरून अध्यक्षीय भाषणासाठी त्यांच्या नावाचा पुकारा झाला. आबांनी फेटा सारखा केला आणि आले तसे परत पळत गेले.

थोड्या वेळानं भोंग्यातून त्यांचा आवाज आला. "आजच्या पोरांना पळताच येत न्हाई! मी आत्ता डोळ्यांनी बघून आलोय!" मागून दणदणीत टाळ्या.

"ऊठ," पौर्णिमा म्हणाली.

"कुठं?"

"टाकीपत्तुर."

आरोहीनं शाल बाजूच्या बाभळीवर फेकली. दोघी उठल्या, रस्त्यावर पायानं एक रेघ मारली आणि निघाल्या. बघायला कुणी नव्हतं, एक म्हैस सोडली तर. दोघींना धाप लागली, आरोहीची चप्पल निसटली, तिनं ती तशीच टाकली. आणि टाकीला हात आधी आरोहीचा लागला. हातभराच्या फरकानं, पण लागला.

पौर्णिमा हरली. इतक्या वर्षांचा निकाल लागला तो असा. तिला भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या खाली कुठंतरी इतकं मोकळं वाटलं की तिला हसू आवरेना. आरोही टाकीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होती.

"का गं हसतीस?"

"काय न्हाई," पौर्णिमा म्हणाली आणि रेघेकडं चालायला लागली. "चल. पुन्ना."