रोहण्याची ज्वालामाय

तेलगिरणीच्या मागे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आर्वीहून बैलबंड्या भरून माणसं आली होती, तळेगावहून पायी आली होती. शेंदूर फासलेल्या दगडाच्या तोंडातून निळी ज्योत निघत होती. तेल नाही, वात नाही. समोरच्या चौथऱ्यावर, चादरीने झाकलेल्या उंच गादीवर भैयाजी बसला होता. तो उठला की ज्योत मिणमिणायची. "उठ माये!" म्हणत धपकन बसला की हातभर उंच व्हायची.

"ज्वालामाय की जय!" बायका ओरडल्या.

"मायले पेढे नाई लागत!" भैयाजी गरजला. "नासलेली संत्री आणा, आंबलेली ढेप आणा, शेण आणा. तुमचं कुजकं पाप माय खाते!"

मी मागे उभा राहून जळत होतो. खरं सांगतो, ती सत्याची चाड नव्हती. तो हेवा होता.

मी वासुदेवराव, इथल्या शाळेचा गुरुजी. वर्षभरापूर्वी, १९५६ साली, शाळेच्या अंगणात मी एका डब्यात शेण, कुजकी संत्री आणि सरकीची नासलेली ढेप, म्हणजे पेंड, भरून गॅस पेटवून दाखवला होता. या घाणीवर गावातल्या चुली पेटतील, असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. ऐकायला तिघं आले. त्यातला एक हा भैयाजी, तेव्हा गिरणीत फिटर होता. आता माझेच विद्यार्थी त्याच्या पाया पडत होते. माझी बायको सुलोचनासुद्धा नारळ घेऊन रांगेत होती.

"अहो, हा गॅस आहे!" मी महिनाभर ओरडत होतो.

"मंग त्याच्या हुकमानं काऊन वाढते?" तानबा शेतकऱ्याने मला भर चावडीत विचारलं. मी पुन्हा 'गॅस आहे' एवढंच म्हणालो.

तानबाची बायको धुरपता खोकल्याने खंगली होती. भैयाजीने तिचं आर्वीच्या दवाखान्याचं औषध बंद केलं. ज्योत विझवून तो तिला त्या दगडाच्या तोंडाशी बसवायचा आणि 'मायचा श्वास' घ्यायला लावायचा. पाचव्या दिवशी ती तिथेच बेशुद्ध पडली. शुद्धीवर आली तेव्हा भैयाजी म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

त्या संध्याकाळी गिरणीतली मजूर तानाबाई माझ्या दारात आली. ती गिरणीत ढेप उचलायची. मागल्या वर्षी तिचं घर बौद्ध झालं होतं. लोकांनी आणलेली घाण चौथऱ्याच्या पोटातल्या टाक्यात मागच्या बाजूने ओतायचं काम भैयाजीने तिला दिलं होतं, पण चौथऱ्यावर पाय ठेवायची बंदी होती.

"गुरुजी, तुमचं ध्यान ज्योतीकडं," ती म्हणाली. "मले मागून गादी दिसते. सकाळी चौथऱ्याच्या हातभर वर रायते, सांजेले खाली बसते. गादी अशी वरखाली होते का?"

मी कपाळावर हात मारला. गादीखाली, टाक्यात तरंगणारं उलटं पिंप! गॅस साठला की पिंप वर येतं, संपला की खाली जातं. महिनाभर मी पाहत होतो, पण फक्त भैयाजीला. आता मला तानाबाईचाही हेवा वाटला.

"उद्या मी सगळ्यांना समजावतो," मी म्हणालो.

"तुमचं समजावणं मागल्या वर्षी झालं, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "उद्या मले जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी भैयाजी नारळ घ्यायला खाली उतरला. ज्योत बारीक झाली. तानाबाई सरळ चौथरा चढली आणि गादीवर बसली. ज्योत भसकन वर गेली.

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली.

"देवी बाटली!" भैयाजी किंचाळला.

"बाटली त मंग उठून काऊन राह्यली?" तानाबाई उभी राहिली, ज्योत पडली. बसली, पुन्हा चढली. "तानबाभाऊ, आता तुम्ही बसा."

तानबा बिचकतच बसला. तो तिच्याहून जड होता. ज्योत आणखी उंच झाली.

मी चादर ओढली. गादीखाली लोखंडी पिंप तरंगत होतं. "कुजलेल्या घाणीतून गॅस निघतो आणि यात साठतो," मी सांगितलं. "माणूस वर बसला की दाबाने जमिनीतल्या नळीतून दगडाच्या तोंडात जातो. हा पेटवला तर भाकरी भाजेल. नुसता छातीत घेतला तर जीव जाईल."

"गुरुजींनीच शिकवलं मले," भैयाजी पुटपुटला.

"त्यांनी चुलीसाठी शिकवलं होतं!" तानबा ओरडला. त्याने त्याच घटकेला बंडी जुंपली आणि धुरपताला दवाखान्यात नेलं. औषध पुन्हा सुरू झालं, महिन्याभरात ती हिंडूफिरू लागली. भैयाजी गाव सोडून गेला.

त्या दिवशी सगळे तानाबाईभोवती जमले होते, सुलोचनाही. मी एकटा पिंपाजवळ उभा होतो. हेवा गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण त्याने मला आंधळं केलं होतं, जसं श्रद्धेने तानबाला केलं होतं. तानाबाईने मात्र डोळ्यांपुढची वस्तू जशी होती तशी पाहिली. तुम्हीही एवढंच करा. पाहा, मोजा, विचारा. विचारण्याची बंदी असेल तिथून उठून या, आणि आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या.