हलू न दिलेल्या भिंती

तपासणीला आलेल्या बाईंना मालक दारापासूनच नव्या शेडचं कौतुक ऐकवू लागला. बाई मान डोलवत राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. रागाचा कुणाला पत्ता लागत नसे. बारा वर्षं तो राग त्यांनी रोज तेल घालून जपला होता. पहाटेच्या प्रार्थनेत त्या साऱ्या जगासाठी क्षमा मागत, एक माणूस सोडून.

बारा वर्षांपूर्वीच्या भूकंपात या मालकाच्या जुन्या शेडचं काँक्रीटचं पॅनेल सुटलं आणि त्याखाली बाईंचे वडील गेले. पॅनेलं बसवणारे फिटर तेच. चौकशीत मालक म्हणाला, फिटरनेच बोल्ट ढिले ठेवले, स्वतःच्या हाताने मेला. ढिले ठेवले होते हे खरंच. पॅनेल खांबाला जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला लांबट भोक असतं ते त्यासाठीच: खांब डोलला तर पॅनेलला जरा सरकायला वाव हवा. पण वाऱ्यात खडखड होते म्हणून मालकाने मागाहून सगळं वेल्ड करून घेतलं, असं आई सांगत राहिली. ढिगारा दुसऱ्याच दिवशी हलवलेला; पुरावा कुठला? नवऱ्यावरचा तो डाग मनात घेऊनच आई गेली.

इथेही पट्ट्या वेल्ड केलेल्या. शिवाय खांबांच्या मध्ये छातीइतक्या विटांच्या भिंती, खांबांना घट्ट भिडवून. मालकाचे केस पिकले होते, खोड तीच.

"ढकलून बघा, मॅडम. हत्ती आला तरी हलणार नाही."

बाईंनी मऊपणे विचारलं, ही पद्धत आधी कुठे वापरलीय का? मालक खुलला. जुन्या शेडमध्येही आपणच करून घेतलं म्हणाला. तिथला फिटर नको नको करत होता, त्याच्या नाकावर टिच्चून. बाईंनी शेडच्या मंजुरीचा अर्ज पुढे सरकवला. पूर्वानुभवाचा रकाना रिकामा होता. मालकाने तो ऐटीत भरला, तारखेसकट, आणि सही ठोकली.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग सांगितलं, जमीन हलली की वेल्ड तुटतील, पॅनेलं माणसांवर येतील. भिंतीने जखडलेला खांब वरच्या मोकळ्या तुकड्यात मोडेल. शेड आजपासून बंद. आणि हा कागद जुन्या चौकशीत जाईल.

मालकाचा चेहरा उतरला. "तुम्ही त्या फिटरच्या कोण?"

"मुलगी."

त्याने हात जोडले. नातवंडांचा विषय काढला, कामगारांच्या पोटाचा काढला. या क्षणी आपल्याला दया येईल, अशी बाईंना कायम धास्ती होती. ती आली नाही.

त्यांनी मशीनं थांबवून सगळ्यांना अंगणात बोलवायला लावलं. जुन्या शेडमधले आठ-दहा जणही त्यात होते, वडिलांबरोबर डबा खाल्लेले.

"शेड का बंद झाली ते यांना सांगा," बाई म्हणाल्या, "आणि बोल्ट ढिले का ठेवायचे असतात, तेही. मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मालक पुटपुटला.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.