दुसऱ्याच चालीत दिलेला प्यादा

मित्रांनो, मी बुद्धिबळाचा एक जुना लाकडी प्यादा आहे, आणि आत्ता माझं डोकं भयंकर तापलेलं आहे. राजाशेजारच्या उंटापुढे उभा असतो ना पांढरा प्यादा, तोच मी. माझ्या बुडाची हिरवी मखमल कधीच निघून गेली.

सुताराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, लढू, शेवटच्या घरात पोचू, वजीर होऊ. कसलं काय! नानाखेड्याच्या देवश्रीच्या हाती पडलो आणि सगळं बोंबललं. पोरीला गॅम्बिटचा नाद! म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादा मुद्दाम शत्रूच्या तोंडी द्यायचा आणि त्या बदल्यात हल्ल्याला वाट मोकळी करून घ्यायची. तो द्यायचा प्यादा नेमका मी. दुसऱ्याच चालीत बळी! डाव जिंकला की कौतुक हत्ती-घोड्यांचं. मी आपला डब्यात चरफडत पडायचो.

पण परवा जे झालं, त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फ्रीगंजच्या बुद्धिबळ क्लबातून राज्य स्पर्धेला एकच जण जाणार होता. देवश्री आणि हर्षल बरोबरीत होते, म्हणून रविवारी दोघांचा डाव ठरला. शनिवारी हर्षलचे मामा, क्लब चालवणारे अनिलजी, देवश्रीच्या घरी आले. ती क्लासला गेली होती, घरी तिचे बाबा विक्रांत एकटेच होते. मी टेबलावरच्या पटावर उभा होतो.

अनिलजी म्हणाले, "विक्रांत भिया, हर्षलचं या वयोगटातलं हे आखरी साल आहे. देवश्री तो अगले साल भी खेल लेगी. डाव बरोबरीत सुटला, की मी त्याचं नाव पाठवून देतो."

आणि देवश्रीचे बाबा म्हणाले, "हो हो, त्यात काय! घरचीच गोष्ट आहे."

अरे, काय माणूस आहे! जागा पोरीची, आणि देऊन मोकळा हा! मला देऊन ती हल्ल्याला वाट तरी मिळवते. यांनी काय मिळवलं? चहा ढोसून गेलेल्या माणसाचं थँक्यू!

ती घरी आल्यावर बाबांनी तिला सांगितलं, "उद्या बरोबरी कर, बेटा." तिने आम्हाला डब्यात भरून ठेवलं.

रविवारी क्लबात आमचाच पट मांडला आणि तिने दुसऱ्याच चालीत मला पुढे केलं. हर्षलने मारलं. घड्याळाशेजारी पडून मी बघत होतो. माझ्या रिकाम्या वाटेने तिचा हत्ती थेट हर्षलच्या राजावर चढला. तेवढ्यात बाबा तिच्या मागे येऊन कुजबुजले, "अगं, बरोबरी माग ना. मी शब्द दिलाय."

देवश्री सगळ्यांना ऐकू जाईल अशी कडाडली, "प्यादा माझा होता, मी दिला. जागाही माझीच आहे. ती तुम्ही कशी दिलीत?"

हर्षलचं तोंड लाल झालं. "मामा, तुम्ही यांच्या घरी गेला होतात?" मामा खिडकीबाहेर बघायला लागले. हर्षल देवश्रीला म्हणाला, "चल, पूरा खेलेंगे." आणि पोरगा शेवटच्या चालीपर्यंत लढून हरला. शाब्बास रे!

बाहेर स्कूटरला किक मारता मारता बाबा पुटपुटले, "मला वाटलं, तू नाही म्हणणार नाहीस."

"विचारलंत कुठे?" देवश्री म्हणाली.

मित्रांनो, कुणाच्या वाट्याचं काही देऊन टाकण्याआधी त्याला एकदा विचारत जा. मला नाही विचारलं तरी एक वेळ चालेल, मी लाकूड आहे. पोरगी लाकूड नाही.