कायम करण्याआधी

साहेबांनी तिच्या खुर्चीत बैठक मारली, बाह्या सारल्या आणि एंटरच्या बटणावर बोट टेकवलं. दाबलं मात्र नाही. चार शब्द बोलल्याशिवाय साहेब लिफ्टचं बटणही दाबत नसत. ऑफिसात मागून सगळे त्यांना ‘रेडिओ’ म्हणत. हे नाव तिनेच ठेवलं होतं.

“तर मंडळी, आज आमच्या या पोरीने कमाल केली आहे.”

पोरगी पस्तिशीची होती. मंडळी म्हणजे मुख्य कचेरीतून आलेले दोन पाहुणे. डेटा सेंटरमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या झाडून सगळ्या स्विचना तिने नवी सेटिंग्ज एका फटक्यात पाठवली होती. एरवी हेच काम एकेका स्विचला जोडून, हाताने टाइप करत महिनाभर चालायचं आणि सगळ्यांचे डोळे पांढरे व्हायचे. आज जमलं तर पुढे हीच पद्धत. फसलं तर तिची वर्षभराची मेहनत पाण्यात. पाहुण्यांनी चहा पितापिताच तसं सांगून टाकलं होतं.

नवी सेटिंग्ज स्विच आधी दहा मिनिटांपुरतीच मानत. तेवढ्यात सगळं तपासून ‘कायम’वर एंटर दाबलं तर ठीक, नाहीतर ते आपोआप जुन्या वळणावर जात. एंटर दाबायचा मान तिने साहेबांना दिला होता. त्यांना फार हौस होती.

पाहुण्यांच्या पाठीमागे भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर स्विचच्या तिसऱ्या रांगेचे हिरवे ठिपके भराभर लाल झाले. चूक तिच्या लक्षात आली. तिसऱ्या रांगेच्या सेटिंगमध्ये तिने दुसरीचाच नंबर ठेवला होता! त्या रांगेची कामं सकाळीच दुसरीकडे हलवली होती, म्हणून अजून फोन खणाणले नव्हते. पण एंटर दाबलं की चूक कायम. मग वायर घेऊन एकेका स्विचपाशी जायचं, तेही पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

“दाबू?” साहेबांनी विचारलं. चार मिनिटं उरली होती.

“सर,” तिच्या तोंडून निघून गेलं, “तुमच्या वेळी हे कसं करायचात, ते सांगा ना यांना.”

बाईंचं डोकं फिरलंय की काय, अशा नजरेने कोपऱ्यातला ऑपरेटर तिच्याकडे बघत राहिला. हा प्रश्न त्या ऑफिसात कोणी आपणहून विचारत नसे.

साहेबांनी क्षणभर समोर पाहिलं. मग बोट उचललं आणि ते खुर्चीत रेलून बसले.

गोष्ट तिला तोंडपाठ होती. शिडीवर बसून टाइप केलेले स्विच, मध्येच गेलेली वीज, सुजलेली बोटं. ही गोष्ट चार मिनिटंसुद्धा चालणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. गोष्टीत वीज परत आली, म्हणजे शेवट आला, तसा तिचा जीव टांगणीला लागला. तोच गोष्टीत एक मांजर शिरलं. हे मांजर तिने आजवर ऐकलं नव्हतं. ते केबलच्या खाचेत घुसलं, तिथेच व्यायलं आणि पिल्लं किती यावरून साहेबांचं अन् रखवालदाराचं चांगलंच वाजलं. पाहुणे पोट धरधरून हसत असताना त्यांच्यामागे तिसरी रांग हिरवी झाली.

“अरे, वेळ गेली की!” साहेबांनी कपाळावर हात मारला. “हे माझं तोंड! सगळं जुन्यावर गेलं. पण बघा, कशालाही धक्का नाही. उद्या पुन्हा करू.”

पाहुण्यांनी वळून हिरव्यागार पडद्याकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. ‘रेडिओ’ हे नाव आठवून तिला मनापासून लाज वाटली.

पाहुण्यांना पुढे घालून साहेब निघाले, तिच्यापाशी थांबले आणि कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले,

“तिसऱ्या रांगेचं तेवढं दुरुस्त कर. उद्यासाठी माझ्याकडे दुसरं मांजर नाही.”