वाघरीवरची तंबाखू

मायाक्काने हिरव्या तंबाखूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आतली पानं चांगलीच ऊन झाली होती.

"शिद्रामअण्णा, गाडी जुंपा की! पाला आत शिजाय लागलाय."

"आज सोमवार हाय, मायाक्का. बसवण्णाचा वार. बैलाच्या मानंवर जू न्हाय ठेवत आमी," शेजारचा शिद्राम म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण नेम तो नेम.

चूक तिचीच होती. कुळदेव बिरोबाचा वार म्हणून तिने रविवारी कापणी धरली, आणि धनगराच्या घरात बैलांचा सोमवार कुणाच्या ध्यानात राहतो! पानं वाळवायचा खडकाळ माळ ओढ्यापलीकडे. उद्यापर्यंत ढीग कुजून काळा पडणार होता.

बांधावर तिचा दीर बिरप्पा उभा होता. "वैनी, मेंढरं सोडून ह्यो उद्योग सांगितला कुणी? पीक वाया गेलं की रान चरायला सोडायचं. ठरलंय न्हवं आपलं?"

ठरलं होतं खरं. नवऱ्याच्या माघारी भांडून मिळवलेलं एवढंच रान तिचं होतं. मग तिची नजर मेंढरांच्या वाड्याकडे गेली आणि ती ताडकन उठली. मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, तिने उपसून आणली, शेतातच खांब रोवून ताणली आणि ढीग मोडून अख्खी झाडं तिच्यावर टांगायला लागली. रात्रभर पडून झाडं मलूल झाली होती, त्यामुळे टांगताना पानं वाकत होती, मोडत नव्हती. काळवंडलेली पानं तेवढी ती फेकत गेली.

"अवं, देवाची वाघर हाय ती!" बिरप्पा ओरडला.

"मंग राखंल की देव!"

एरवी माळावरच्या तापल्या दगडांवर पानांचा चुरा होई. वाघरीवरची मात्र वाऱ्यावर सावकाश पिवळी झाली, मग तांबूस. अक्कलकोटचा व्यापारी मडिवाळप्पा आला, तळहातावर पान चोळून त्याने नाकाशी नेलं आणि असा शिंकला की मेंढरं बुजली.

"लई झ्याक माल हाय, बाई! समदा माझा. म्होरल्या साली बी मलाच द्यायचा!"

मायाक्का खदखदून हसली. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

पुढच्या सालीही तिने कापणीला रविवारच धरला, म्हणजे झाडं रात्रभर मलूल होतील. सोमवारी उजाडताच बिरप्पा खांद्यावर वाघर घेऊन बांधावर हजर.

"वैनी, खांब कुटं रवू?"

मायाक्का झाडं उचलत होती. मान वर न करता तिने हाताने जागा दाखवली.